चौथ्या खिळ्याचं माप

भिवपुरीजवळच्या आमच्या गावात भरती-ओहोटीचं वेळापत्रक भिंतीवर लावणारी मी एकटीच असेन. स्वयंपाकघरात, कालनिर्णयाच्या शेजारी, ओट्यावरून दिसेल असं. शेजारच्या वहिनींनी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं, "ह्ये काय गं, गाड्यांचं टायमिंग?" मी म्हटलं, "समुद्राचं." त्या थोडा वेळ कागदाकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिल्या. "हितं आमाला नदी हाय, ओढा हाय. समुद्र कुनी आनला?" असं म्हणून पातेलं घेऊन निघून गेल्या. आई गेल्यापासून ताईचं जरा बिघडलंय, अशी बातमी त्याच संध्याकाळी आळीभर झाली असणार, कारण दुसऱ्या दिवशी तीन घरांतून भाजी आली.

माझं काही बिघडलेलं नव्हतं. माझं काम काँक्रीट तपासायचं. चौक गावात, जुन्या हायवेवर एका गॅरेजच्या मागे आमची लॅब आहे. लॅब म्हणजे पत्र्याची एक लांब शेड. एका बाजूला दिवसभर टायर ठोकतात, दुसऱ्या बाजूच्या ढाब्यातून सकाळी अकरापासून फोडणीचा ठसका येतो, आणि मध्ये मी. किनाऱ्यावरच्या जुन्या जेट्ट्या आणि धक्के यांना यंत्रानं भोक पाडून काढलेले काँक्रीटचे गोल तुकडे पोत्यांतून आमच्याकडे येतात. ते फोडायचे, त्यावर औषध फवारायचं आणि समुद्राचा खार किती आत शिरलाय ते मोजायचं. लोकांना वाटतं, समुद्र काँक्रीट खातो. काँक्रीटला तो फारसं काही करत नाही. खार आतल्या लोखंडापर्यंत पोहोचतो, लोखंड गंजतं, गंजलं की फुगतं आणि काँक्रीटला आतून फोडतं. बाहेरून एखादी बारीक भेग दिसते, तेव्हा आतलं बरंच काही झालेलं असतं.

हे काम मी सव्वीस वर्षं करते आहे आणि माझा स्वभाव या कामाला साजेसा आहे, किंवा कामानं तो तसा झाला असेल. चुकीचा आकडा मला खपत नाही. एका लग्नपत्रिकेत तारीख आणि वार जुळत नव्हते, तर मी ती लाल पेनानं दुरुस्त करून परत पाठवली होती. त्या घराशी बोलणं तेव्हापासून बंद आहे. आकडे घरी बसून लिहिले असतील तर ते मला पान उलटण्याआधी कळतं. खरी मापं वेडीवाकडी असतात, मनानं लिहिलेली शहाण्यासारखी रांगेत उभी राहतात. कितीतरी ठेकेदारांचे कागद मी त्यांच्या तोंडावर परत केलेत, आणि केले तेव्हा मला बरं वाटलं आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे सांगायचं आहे त्यात मला हे ओळखता आलं नाही असं कुणी म्हणू नये.

पेणच्या पलीकडे एका खाडीच्या तोंडावर जुनी जेट्टी आहे. नाव लिहीत नाही. चाळीसेक वर्षांची असेल. तिच्या तळाला, म्हणजे आपण ज्या फरशीवरून चालतो तिच्या खालच्या अंगाला, भेगा पडल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी त्या भेगांवर लक्ष ठेवायचं काम आमच्या साहेबांकडे आलं. साहेब पुण्याला बसतात. त्यांनी आधी हौसेनं आपोआप माप पाठवणारी यंत्रं बसवली. पहिलं यंत्र एका पावसाळ्यात गंजलं, दुसरं त्याहून लवकर. मग जुना उपाय केला. भेगेच्या दोन्ही बाजूंना स्टीलचे दोन बारके खिळे पक्के बसवायचे आणि त्या दोघांमधलं अंतर रोज मोजायचं. अंतर वाढलं म्हणजे भेग उघडतेय. अशा चार जोड्या बसवल्या. तीन फरशीच्या पोटाला, चौथी एका खांबावर अगदी खाली, जिथं कालवं चिकटतात तिथं. मोजायचं काम जेट्टीच्या राखणदाराकडे दिलं. अंतर मोजायला आकडे दाखवणारा व्हर्नियर त्याला दिला, वापरायला शिकवलं, आणि मापं फोनवर मला सांगायची असं ठरलं.

खाली उतरता येतं ते फक्त ओहोटीला. ओहोटी रोज पाऊण-एक तासानं पुढे सरकते, म्हणून त्याचा फोनही सरकायचा. अमावास्येच्या सुमारास सकाळी साडेसहा-सातला, मी आंघोळ करून चहा टाकत असताना. मग रोज थोडा उशिरा, कर्जतला स्कूटी थांबवून, लॅबचं कुलूप काढताना. अष्टमीला बरोबर जेवायच्या वेळी. पौर्णिमा जवळ आली की संध्याकाळी, आणि मग पुन्हा पहिल्यापासून. पन्नास किलोमीटरवरच्या, कधी न बघितलेल्या पाण्यावर माझा दिवस बेतलेला असायचा. लहानपणी वडील वीजघरात होते, आम्ही तिथल्या क्वार्टर्समध्ये राहायचो, तेव्हा घर भोंग्यावर चालायचं. त्यानंतर माझ्या दिवसाला बाहेरून असं कुणी हलवलं नव्हतं.

राखणदार साठी ओलांडलेला होता. आधी लाँचवर खलाशी होता, मग जेट्टीवर आला. पहिल्या दिवशी त्यानं "हॅलो मॅडम" केलं, चार आकडे सांगितले आणि फोन ठेवला. आठवड्याभरात मॅडमची "बाय" झाली. मी त्याला काका म्हणायचे.

"बाय, लिव्ह. पयला, बारा पॉइंट चार सहा."

"लिहिलं."

"दुसरा, नऊ पॉइंट आट एक. जेवलीस?"

"अजून नाही. तिसरा सांगा."

"सांगतो गं. दर्या पलून चाललाय का? आज काय केलंस?"

मी सांगायचे, मुगाची आमटी, किंवा बांगडा आणलाय. बांगड्याचं नाव काढलं की त्याला चेव यायचा. "कर्जतला बांगडा? ती मासली नाय, बाय. बरफातलं मढं हाय." मग ताजी मासळी कशी ओळखायची त्याचं व्याख्यान. मापं सांगायला दोन मिनिटं पुरायची. वर्षभरात आमचा फोन पंधरा-वीस मिनिटांवर गेला होता. खाडीत डॉल्फिन आला होता, लाँचच्या ड्रायव्हरनं दाढी वाढवलीय, सुनेला मुलगी झाली, सगळं मला कळायचं. माझ्याकडे सांगण्यासारखं कमी असायचं. तरी लॅबमध्ये साप निघाला तो दिवस मी त्याला सांगायला म्हणून जपून ठेवला होता.

मी एकटी होते, हे सरळ लिहून टाकते. भावंडं नाहीत, लग्न केलं नाही, आईचं दुखणं सहा वर्षं चाललं आणि ती गेल्यावर घरात बोलायचं कारणच उरलं नाही. शनिवारी संध्याकाळी लॅब बंद केल्यापासून सोमवारी सकाळपर्यंत माझ्या तोंडून शब्द निघायचा तो दूधवाल्याशी, "ठेवा." राखणदाराला रविवार नव्हता, समुद्राला नव्हता म्हणून. त्यामुळे रविवारीही फोन यायचा. त्या फोनसाठी मी बाहेर जाणं टाळायचे. नातलगांकडच्या एका बारशाला गेले नाही, कारण त्या दिवशी ओहोटी साडेअकराला होती आणि त्या हॉलमध्ये रेंज नव्हती.

आता चौथ्या खिळ्याचं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि तेवढंच खाली जातं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे पाणी चढतही कमी आणि उतरतही कमी. त्या तीन-चार दिवसांत खांबावरचा चौथा खिळा पाण्यातून बाहेरच येत नाही. माझ्या वहीत महिन्यातून दोनदा चौथा रकाना तीन-चार दिवस रिकामा राहायचा. मला रिकामा रकाना बघवत नाही. मी कुरकुर करायचे.

"काका, आजही चौथं नाही?"

"पानी खाली जाईना त मी काय करू? दर्याला अर्ज देऊ?"

"साहेब विचारतात, रकाने रिकामे का म्हणून."

साहेबांनी हे कधीही विचारलं नव्हतं. मी आपलं माझं म्हणणं साहेबांच्या नावावर खपवत होते. पण त्या माणसाला ते खरं वाटलं. एकदा त्यानं काळजीनं विचारलंही, "साहेब रागावलं काय गं फार?" मी म्हटलं, "रागावतात थोडे."

गेल्या दिवाळीनंतरच्या पहिल्या अष्टमीला दुपारी बाराच्या सुमारास फोन आला. मी लॅबमध्ये डबा उघडून बसले होते. पहिला, दुसरा, तिसरा आकडा लिहिला आणि पेन खाली ठेवत होते, तर तो म्हणाला, "चवथा. सात पॉइंट तीन नऊ." मी लिहून घेतला. मनात आलं, बघा, मागे लागलं की काम होतं. जेवताना मला चक्क आनंद झाला होता.

तो आनंद भाकरी संपेपर्यंत टिकला. डबा धुताना मला कळलं की हे शक्य नाही. आज भांग आहे. त्या खिळ्यावर आत्ता गुडघाभर तरी पाणी असणार. मी आत जाऊन वेळापत्रक बघितलं, लॅबमध्येही एक लावलेलं होतं. मग मागचं वर्ष काढून बघितलं. भांगाच्या दिवसात चौथं माप एकदाही आलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा चौथं माप आलं, आदल्या दिवसापेक्षा शेवटचा आकडा एकानं जास्त. तिसऱ्या दिवशीही आलं. मी पहिल्या तीन खिळ्यांचे आकडे तपासले. तेही आता शहाण्यासारखे रांगेत उभे होते.

दुसरा कुणी असता तर मी त्याच दिवशी त्याला फाडून खाल्लं असतं. इथं मी ब्र काढला नाही. उलट स्वतःशीच सबबी काढत बसले. वारा जमिनीवरून असेल, पाणी जास्त उतरलं असेल. पाण्यात हात घालून मोजलं असेल. एवढ्या वर्षांचा खलाशी, त्याला काय अवघड आहे. यातलं काहीही मला पटत नव्हतं. खरं कारण एकच होतं. मी विचारलं असतं तर तो खाली उतरत नाही हे उघड झालं असतं, साहेबांना कळवावं लागलं असतं, आणि दुसऱ्या दिवसापासून मला कुणी तरुण पोरगा व्हॉट्सअॅपवर चार आकडे पाठवायला लागला असता. जेवलीस का म्हणून विचारणारं कुणी उरलं नसतं. म्हणून मी आकडे लिहीत गेले. तो खोटं सांगत होता, मी सुबक अक्षरात उतरवून घेत होते, आणि मध्ये आम्ही मासळीबद्दल बोलत होतो. असे तीन महिने गेले.

त्या महिन्यांत फोन मोठे झाले होते, हेही सांगायला हवं. त्याला उतरायचं-चढायचं नव्हतं, त्यामुळे धाप लागलेली नसायची. आवाज निवांत असायचा. मला तो बदल आवडला होता.

माघात साहेबांचा फोन आला. जेट्टीवर गेली दोन वर्षं मासळीचा टेंपो न्यायला बंदी होती. बायका बोटीपासून रस्त्यापर्यंत डोक्यावर पाट्या वाहायच्या. गावानं अर्ज केला होता, टेंपो पुन्हा सोडा म्हणून. साहेब म्हणाले, "तीन महिने माप जवळजवळ हललेलं नाही. टेंपोला हरकत नाही असं लिहू या. आकडे तुम्ही स्वतः बघितलेत ना?"

"हो," मी म्हटलं.

"मग अहवाल तयार करा. तुमची सही झाली की मी पाठवतो."

अहवाल तासाभराचा होता. सहीची जागा सोडून मी तो पूर्ण केला आणि दोन दिवस त्याच्या आसपास फिरत राहिले. त्या दोन दिवसांतही राखणदाराचे फोन आले. दुसऱ्या दिवशी मी त्याला म्हटलं, "काका, उद्या मी येतेय. त्रयोदशी आहे, पाणी बरंच खाली जाईल."  तो म्हणाला, "ये. जेवायलाच ये."

खोपोलीहून पेणची एसटी धरली, पुढे रिक्षा. जेवायच्या वेळेला पोहोचले नाही, मुद्दामच. पोहोचले तेव्हा साडेतीन वाजले होते. जेट्टीच्या तोंडाशी एका छपराखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीत तो बसला होता. मला बघून उठायला लागला. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर टेकवून, थांबत, आधी कंबर, मग एक पाय, मग दुसरा. तो पूर्ण उभा राहायच्या आत मला सगळं कळून चुकलं.

"आदी चा पी," तो म्हणाला.

"पाणी थांबणार नाही, काका. व्हर्नियर द्या."

"मी येतो की खाली."

"नको."

त्यानं खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत फडकं, फडक्यात व्हर्नियर, तेल लावून पुसलेला. माझ्या लॅबमधली हत्यारं इतकी स्वच्छ नसतात.

लोखंडी शिडी उतरून मी खालच्या कट्ट्यावर गेले. खाली अंधारं होतं, शेवाळाचा आणि चिखलाचा वास होता. पहिल्या खिळ्यांचं अंतर तीन वेळा मोजलं. तिन्ही वेळा ते कालच्या फोनवरच्या आकड्यापेक्षा कितीतरी जास्त आलं. दुसरी जोडी शोधत राहिले, सापडेना. मग टॉर्च वर केला. खिळे जिथं होते तिथलं काँक्रीटच नव्हतं. पाटाएवढा पापुद्रा निखळून पडला होता आणि आतल्या सळया उघड्या पडल्या होत्या, गंजाचे पदर सुटलेल्या, मूळच्या जाडीच्या निम्म्या उरलेल्या. तिसऱ्या जोडीच्या बाजूला पिशवीतल्या हातोडीनं वाजवलं तर तिथलंही पोकळ वाजलं. चौथी जोडी कालवांनी इतकी झाकली होती की दगडानं खरवडून काढावी लागली. त्या खिळ्यांना कित्येक महिन्यांत कुणी हात लावला नव्हता.

एवढ्यात बोट लागली असावी. माझ्या डोक्यावरून पावलं जायला लागली. बायका होत्या, बोलत, हसत चालल्या होत्या. कुणीतरी जड पाटी धप्पकन खाली टेकवली आणि माझ्या केसांवर काँक्रीटचा बारीक चुरा पडला. मी टॉर्च धरून त्या उघड्या सळयांखाली उभी होते. आजपर्यंत मी तुकडे तपासले होते, पोत्यातून आलेले. वरून माणसं चालतात हे मला माहीत होतं, पण ते असं ऐकलं नव्हतं. मला स्वतःची इतकी लाज वाटली की वर जाऊच नये असं झालं. पण पाणी वळलं होतं, चढायला लागलं होतं.

वर आले तेव्हा तो शिडीच्या तोंडाशी उभा होता.

"किती आलं?"

मी सांगितलं. दुसरा खिळा पडलाय हेही सांगितलं. त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"माजं गुडगं गेलं, बाय. दिवालीपासनं. शिडीची खालची पायरी लागत नाय पायाला. सांगितलं असतं त दुसरा ठेवला असता. काम जाईल म्हनून बोललो नाय. आन् तुजा फोन बी गेला असता."

मी व्हर्नियर पुसून त्याच्या हातात दिला. त्यानं विचारलं, "तुला कवा कललं?"

"आत्ता," मी म्हटलं. "खाली उतरल्यावर."

हे इतक्या सहज तोंडातून निघालं की मला आधी ठरवावंसुद्धा लागलं नाही. त्यानं मान हलवली. मग आम्ही दोघांनी मिळून दोर बांधला, जेट्टीचा पुढचा निम्मा भाग बंद केला. बायका त्याच्याशी भांडल्या, आता चिखलातून बोटीपर्यंत जायचं काय म्हणून. तो सगळ्यांना हात जोडत होता. चहा राहिलाच.

अहवाल मी दुसऱ्या दिवशी नव्यानं लिहिला. दिवाळीपासूनची मापं विश्वसनीय नाहीत, राखणदार प्रत्यक्ष खाली उतरत नव्हता, प्रत्यक्ष पाहणीत असं असं आढळलं. त्यातला शब्दन् शब्द खरा आहे. साहेब खूश झाले. "तुम्ही स्वतः गेलात म्हणून कळलं, नाहीतर केवढा अनर्थ झाला असता," असं म्हणाले, आणि ते कौतुक मी ऐकून घेतलं. जेट्टीखाली टेकू लागले. दुरुस्तीचं काम निघालं. राखणदाराला घरी बसवलं. नवी यंत्रं आली, पक्क्या डब्यातली, ती तासातासाला मापं पाठवतात. भरती असो, भांग असो, चारही रकाने भरलेले असतात. माझा फोन आता वाजतो तो कर्ज हवंय का विचारायला.

महिनाभरानं मी त्याला फोन केला. पश्चात्तापानं केला असं लिहायला मला आवडलं असतं. खरं म्हणजे रविवार होता, शनिवारपासून मी कुणाशी बोलले नव्हते, आणि मला त्याचा आवाज ऐकायचा होता. आधी नेहमी तोच फोन करायचा. मी त्याला पहिल्यांदाच केला.

तो रागावलेला नव्हता. गुडघ्याला तेल लावतो म्हणाला. नातीला दात आलेत म्हणाला. जेवलीस का, विचारलं. त्यानं तेवढं विचारल्यावर मला राहवेना.

"काका, मला माहीत होतं," मी म्हटलं. "तुम्ही उतरत नाही हे. आधीपासून माहीत होतं."

"कवापासनं?"

"पहिल्या दिवसापासून. अष्टमी होती. तुम्ही चौथं माप सांगितलंत."

  मग तो बोलायला लागला, हळू, मापं सांगताना थांबायचा तसा एकेक वाक्य थांबत.

"मी अडानी मानूस. मना वाटायचं, तू येवडी शिकल्याली, एक आकडा हिकडंतिकडं झाला त वरडनारी. कायतरी वंगाल असंल त तुला कलंल. तू गप हायस म्हंजी जेट्टी बरी हाय. आसं धरून मी पोटभर जेवायचो, बाय. माजी सून रोज तिच्यावरनं पाटी घेऊन जायाची."

मी म्हटलं, "काका..."

"माजं गुडगं गेलं व्हतं," तो म्हणाला. "तुजं काय गेलं व्हतं?"

 मग उत्तराची वाट बघून त्यानंच फोन ठेवला.